काळ्या वाफ्याची माती

बाईनं कोथिंबिरीची जुडी उचलली, नाकाशी नेली आणि परत ठेवली.

"केरेचं पाणी?"

"नाही अक्का, तळ्याचं नाही, विहिरीचं."

"सगळे तेच सांगतात," ती म्हणाली आणि शेजारच्या पथारीवर गेली. तिथली जुडी तिनं वास न घेताच पिशवीत टाकली. तो शेजारचा तळ्याच्या पाण्यावरच भाजी काढतो. बंगळूरच्या के. आर. पुरमच्या बाजारात बसणाऱ्या सगळ्यांना ते माहीत आहे. पण तो हसतो, बायकांना अक्का अक्का करत दोन मिरच्या वर टाकतो. मला ते जमत नाही. हसायचं काम माझी बायको जमना करायची. जुड्या बांधायचंही तीच करायची. केळीच्या सोपटाला असा पीळ द्यायची की घरी नेऊन पाण्यात ठेवली तरी जुडी सुटायची नाही. माझ्या जुड्या टोपलीतच सुटतात. सुटलेली भाजी शिळी दिसते.

जमना वारली तेव्हा पाऊस चालू होता. आता ऊन तापायला लागलं होतं.

तळ्याच्या पाण्याची बोलवा गेल्या वर्षी उठली. कुणीतरी तळ्यावरच्या फेसाचा व्हिडिओ काढला, तो फोनाफोनातून फिरला आणि नव्या इमारतींतल्या बायका जुड्या हुंगायला लागल्या. फेस त्यांच्याच मोऱ्यांमधून येतो. पण ते कुणी कुणाला सांगायचं?

त्या दिवशी अर्धी टोपली परत आणली. घरी आलो तर सून, चंदना, अंगणात उभी होती. हातातलं काम सोडून उभी होती, म्हणजे काहीतरी मागणं होतं.

"मामा, मी ट्रेनिंगला नाव दिलंय."

"कसलं?"

"मासे पाळायचं. सरकारी आहे. शिकवतात, मग शेततळं खणायला मदत पण देतात. फक्त जमीन तुमच्या नावावर आहे, तर तुमची सही पाहिजे."

मी टोपली खाली ठेवली आणि पाय धुवायला गेलो.

आमचं रान लहान. उत्तरेला लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून उठलेल्या इमारती, पूर्वेला लेआउट, पश्चिमेला तळं. दक्षिणेच्या शेजाऱ्यानं विकून टाकलं आणि कोलारकडं गेला. आमच्या रानात उभं राहिलं की आता सकाळचा सूर्य एका इमारतीच्या मागून येतो. दलाल आठवड्याला एक येतो. कुणी चहा पाजायला बघतो, कुणी मुलाला नोकरी लावतो म्हणतो. म्हणून सही हा शब्द ऐकला की माझी बोटं आपोआप मिटतात.

आणि ट्रेनिंगही मी पाहिलेलं होतं. काही वर्षांमागं एक संस्था आली होती. बिनखताची शेती शिकवतो म्हणाले. झाडाखाली बसवून बिसीबेळेभात वाढला, विहिरीपाशी मला आणि जमनाला उभं करून फोटो काढला. पुढच्या उन्हाळ्यात मोठ्या रस्त्यावर लेआउटचा फलक लागला. त्यावर आम्ही दोघं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, रणजीतनं वाचून दाखवलं: शेतकऱ्यांच्या शेजारी राहा. जमना फलकाखाली उभी राहून हसत सुटली होती. "बघा, तुम्ही इमारतीपेक्षा उंच दिसताय." मला हसू आलं नव्हतं.

"सही नाही," मी पाय पुसत म्हणालो.

"निदान काय आहे ते ऐका तरी."

"फुकट देणारा काहीतरी न्यायला आलेला असतो."

रात्री जेवताना माझा मुलगा रणजीत म्हणाला, "अप्पा, तुम्ही देवाकडं पण पावती मागाल." तो पार्सलं पोचवायची गाडी चालवतो. दिवसभर लोकांच्या दारात उभा राहून ओटीपी मागतो, आणि मला पावतीवरून बोलतो.

सकाळी उठून स्वयंपाक उरकून चंदनानं पिशवी घेतली आणि पहिल्या बसनं निघून गेली. मी दुसऱ्या बसनं तिच्यामागं गेलो.

तिच्यावर पाळत ठेवायला गेलो असं कुणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही. ट्रेनिंग खरंच आहे की कुठल्या दलालाचं ऑफिस आहे, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. मत्स्य खात्याच्या केंद्राचं फाटक होतं, पाटी होती, आत सिमेंटच्या टाक्या दिसत होत्या. पाटी कुणीही लावतो. मी फाटकासमोरच्या दगडावर बसलो. ऊन डोक्यावर आलं. आतून एक चष्मेवाली बाई आली, सुती साडी, पायात रबरी बूट.

"कोण हवंय?" तिनं कन्नडात विचारलं.

"कुणी नाही," मी कन्नडातच म्हणालो. मग तोंडातल्या तोंडात आमच्या भाषेत म्हणालो, "आली मोठी चौकशीवाली."

"चौकशी करावीच लागते अण्णा. मघापासून फाटकावर बसलाय तुम्ही," ती मराठीत म्हणाली.

मी उठून उभा राहिलो. तिचं नाव श्रीविद्या. घर बसवनगुडीत, पिढ्यान्पिढ्या तिथलेच, घरात मराठीच बोलतात म्हणाली. तिचं मराठी आमच्यापेक्षा वेगळं, देवळातल्या भटजींसारखं. आपल्या भाषेत बोलली म्हणून मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून संशय जास्तच आला. फसवणारा माणूस आधी भाषाच धरतो.

"सुनेला न्यायला आलात का?"

"बघायला आलो."

"मग आत येऊन बघा. इथनं काय दिसतंय? स्वल्प सावली पण आहे आत."

आत वीसेक बायका आणि थोडे पुरुष एका टाकीभोवती उभे होते. चंदनानं मला बघितलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती एवढंच म्हणाली, "मामा, पाणी पिलात?"

टाकीत एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी तरंगत होती. आत बोटाएवढी पिल्लं.

"पिशवी आणली की लगेच फोडायची नाही," श्रीविद्या मॅडम सांगत होत्या. "अशीच पाण्यावर ठेवायची. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं झालं की मग तोंड सोडायचं. नाहीतर धसका घेऊन मरतात."

"नवी सून पण अशीच आणायला पाहिजे होती," माझ्या शेजारची एक म्हातारी म्हणाली. "आमच्या सासूनं पहिल्याच दिवशी पिशवी फोडली."

सगळ्या हसल्या. चंदनाही हसली. आमच्या घरात तिला असं दात दाखवून हसताना मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

दुपारी पानावर भात, सार, केळं. मी खाल्लं, पण कुणी फोटो काढतंय का ते बघत खाल्लं. जेवण झाल्यावर मॅडमनी काही विचारायचं का म्हणून विचारलं. मी हात वर केला.

"तळं खणलं की निघालेली माती कोण नेणार?"

दोघं-तिघं हसले. ज्यांच्या गावात खणून माती नेणारे मशीनवाले आहेत ते हसले नाहीत.

"माती तुमचीच. तिचाच बांध घालायचा."

"आणि मदत म्हणताय ती कधी?"

"तळं भरल्यावर. भरून पाणी टिकल्यावर. मी स्वतः येऊन बघणार. पाणी झिरपून गेलं तर मदत नाही, खणायचा खर्च तुमचा तुमच्यावर."

"आणि मासे मेले तर?"

"तर मेले."

ते उत्तर मला आवडलं. खोटं बोलणारा माणूस असं बोलत नाही. पण परतीच्या बसमध्ये वाटलं, कदाचित हुशार खोटारडा असंच बोलत असेल. चंदना माझ्या पुढच्या सीटवर बसली होती. घराच्या वाटेवर ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात मॅडम माती बघायला येणार आहेत. येऊ दे का नको?"

"येऊ दे. माती बघितल्यानं झिजत नाही."

मॅडम आल्या त्या दिवशी रणजीतनं सुट्टी घेतली होती. त्यांनी मूठभर माती घेतली, पाणी शिंपडून मळली, लिंबाएवढा गोळा केला, डोक्याएवढा उंच फेकला आणि झेलला. गोळा हातात फुटला.

"इथं पाणी टिकणार नाही."

आमची जमीन लाल, बारीक खड्यांची. विहिरीपाशी गोळा फुटला. आंब्याखाली फुटला. दक्षिणेच्या कोपऱ्यात नुसता फुटला नाही, झेलायच्या आधीच विस्कटला. रणजीत गमतीनं क्रिकेटसारखा झेल घ्यायला लागला होता, त्यानंही हात खाली केले. चंदनाच्या चेहऱ्याकडं मी बघत नव्हतो.

"तो काळा तुकडा?" मॅडम म्हणाल्या.

त्या चालत गेल्या, कोथिंबिरीच्या दोन ओळींमधली माती उचलली. गोळा वर गेला, खाली आला, हातात चपटा झाला. फुटला नाही. त्यांनी परत फेकला. परत तसाच. त्यांच्या बोटांचे ठसे त्यावर उमटले होते.

"ही कुठली माती?"

"तळ्याची," मी म्हणालो.

आमच्या गावात रीत होती. उन्हाळ्यात तळं आटलं की पाटील दिवस ठरवायचा आणि घरटी माणसं तळ्यात उतरायची. पुरुषांनी गाळ खणायचा, बायकांनी बुट्ट्या डोक्यावर घेऊन आपापल्या रानात टाकायचा. तळं खोल व्हायचं आणि रान सुपीक. जमना लग्न होऊन आली तेव्हा हा तुकडा पण लालच होता, पायाला खडे टोचायचे. तिनं पहिल्या वर्षी डोक्यावरनं जेवढं आणलं तेवढं एका पावसात वाहून गेलं. दुसऱ्या वर्षी तिनं कडेला दगड लावले. अशी ती दर उन्हाळ्यात आणत राहिली. तिच्या टाळूवरचे केस चुंबळीनं झिजून विरळ झाले होते. ती तिथं पदर ओढून घ्यायची. मग तळ्यात गटाराचं पाणी यायला लागलं आणि तळं आटायचं बंद झालं. आता तिथं गाळ नाही, नुसता वास आहे. तेव्हा हा वाफा आहे तेवढाच. गावात सगळे त्याला जमनाचा वाफा म्हणतात.

"तळं इथंच होईल," मॅडम म्हणाल्या.

"इथं नाही."

"दुसरीकडं पाणी टिकत नाही अण्णा. तळाला घालायच्या प्लास्टिकच्या कापडाची योजना होती, तिची यंदाची संख्या भरली. नाहीतर दुसरीकडनं चिकणमाती आणून तळाला थर द्यावा लागेल. ते काम फार."

"इथं नाही," मी परत म्हणालो आणि विळा घेऊन कोथिंबीर कापायला बसलो. कापायची वेळ झाली नव्हती. हाताला काहीतरी पाहिजे होतं.

तिसऱ्या दिवशी मुनिराजू आला. त्याच्याकडं दोन जेसीबी आणि चार टिप्पर आहेत. लहान असताना तो आमच्या विहिरीत पोहायला यायचा. आता बूट न काढता येतो. बांधावर उभं राहून त्यानं वाफ्याकडं बघितलं, वाकून चिमूटभर माती घेतली आणि चोळून बघितली.

"विठोजी अण्णा, भाजी सोडून मीनवाले होणार म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"गाव म्हणतंय. सोप्पू गेला, मीन आला." तो हसला. "ऐक. मी खणून देतो. भाडं नको, डिझेल पण नको. फक्त ही काळी माती मी नेतो."

"कुठं?"

"इमारतींत. गच्चीवर बाग करतात ना ते लोक, त्यांना अशी माती लागते. गोणीत भरून देतो, नाव घालून. तुझी भाजी हुंगून टाकतात, पण ही माती डोक्यावर घेतील बघ."

"नको."

"सरी, राहू दे. घाई नाही," तो म्हणाला. "सुनेला विचार. तिला हिशेब कळतो."

सुनेला विचार, हे त्यानं का म्हणावं? ते शब्द दिवसभर दातात अडकल्यासारखे राहिले. आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना मी लांबून बघितलं, मुनिराजूची मोटरसायकल बांधाला लावलेली आणि चंदना त्याच्याशी बोलत उभी. ती हातानं वाफ्याची लांबी दाखवत होती. इकडून तिकडे.

मी टोपली घेऊन तसाच उभा राहिलो. सगळं जुळत गेलं. ट्रेनिंग, बसवनगुडीची बाई, काळ्या तुकड्यावरच टिकणारा गोळा, फुकट खणणारा मुनिराजू. एका दोऱ्यात ओवल्यासारखं.

जेवायला बसलो. चंदनानं नाचणीचे रागीमुद्दे वाढले, वर सार ओतलं. मी ताट सरकवलं.

"किती ठरलं?"

"काय?"

"माझ्या बायकोला विकायला निघालीस ना. भाव काय ठरला?"

रणजीतचा हात तोंडाशी थांबला. "अप्पा, काय बोलताय?"

"तिलाच विचार. बांधावर उभं राहून वाफा मोजून देत होती त्याला."

मला वाटलं ती रडेल. बायका रडल्या की पुरुषाला सोपं जातं. चंदनानं पळी सारात ठेवली, पदराला हात पुसले.

"हो, विचारलं मी त्याला," ती म्हणाली. "भाव पण विचारला. आत्या असत्या तर त्यांनी पण विचारला असता. बाजारातनं अर्धी टोपली रोज परत येते, ती कोण निवडतं? शेळीपुढं कोण टाकतं? तुम्ही टोपली ठेवून पाय धुवायला जाता."

"तो वाफा तिनं डोक्यावरनं आणलाय."

"एकट्या आत्यांनी?"

तिनं ताट परत माझ्यापुढं सरकवलं.

"शेवटची तीन वर्षं आत्यांची मान दुखत होती. त्या तळ्यावर यायच्या, पण झाडाखाली बसायच्या, तुम्हाला कळू नये म्हणून पदर कमरेला खोचून बसायच्या. बुट्ट्या मी वाहिल्या. ईशान पोटात होता तेव्हा पण वाहिल्या. तुम्ही खाली खड्ड्यात. बुट्टी भरायची, वर धरायची. घेणारे हात कुणाचे आहेत ते एकदा तरी मान वर करून बघितलंत?"

ईशान म्हणजे माझा नातू. तो आतल्या खोलीत झोपला होता.

कुणी जेवलं नाही. चंदनानं ताटं उचलली, मुद्दे झाकून ठेवले. मी अंगणात जाऊन बसलो. तिचे हात डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करत होतो. खड्ड्यात उन्हानं डोळे मिटलेले असायचे. वरून दोन हात यायचे, मनगटापर्यंत चिखल. चिखलात सगळे हात सारखेच.

सकाळी बाजारात गेलो नाही. वाफ्याच्या कडेला बसून खुरप्यानं उकरलं. हात घातला तर काळी माती माझ्या कोपरापर्यंत होती, त्याखाली एकदम लाल. एवढ्या वर्षांचं एवढंच. कमी वाटलं आणि खूपही वाटलं. चंदना विहिरीवर पाणी भरत होती. मी तिकडं बघितलं नाही. बसल्या जागेवरूनच विचारलं.

"ती मॅडम थराचं काय म्हणाली होती?"

तिनं घागर भरून घेतली, मग म्हणाली, "तळं लाल जमिनीत खणायचं. मग तळाला आणि कडांना चिकणमाती पसरायची, पाणी मारून पायानं तुडवायची. मशीननं होत नाही, त्याच्या दातांनी फाटतं."

"मग पाणी टिकतं?"

"टिकतं म्हणतात. मी बघितलं नाही."

"माती किती लागेल?"

"सगळी."

मी हात झटकले. वाफ्यात कोथिंबीर गुडघ्याच्या खाली उभी होती, हिरवी, कुणी न घेणारी.

"रानाबाहेर एक मूठ जाणार नाही?"

"कोण नेणार? आपणच वाहणार."

मी त्याच आठवड्यात सही केली. मॅडमनी वाचून दाखवलं, मग मी रणजीतकडून वाचून घेतलं, मग बाजारात एका वकिलाचा कारकून बसतो, त्याच्याकडूनही वाचून घेतलं. तिघांनी एकच वाचलं.

खणायला मुनिराजूलाच बोलवावं लागलं, दुसऱ्याचं मशीन नव्हतं. भाडं देऊन बोलवलं. विहिरीच्या खालच्या अंगाला जेसीबीनं लाल जमीन उकरायला घेतली. मी सकाळपासून काठी घेऊन उभा. टिप्पर रस्त्यावर दिसला की मी वाट अडवून उभा राहायचो.

"अण्णा, तो टिप्पर दुसऱ्या कामाचा आहे," मुनिराजू ओरडला. "मी काय सोनं नेतोय?"

"सोनं असतं तर दिलं असतं."

"तुझा संशय जाळून राख केली तर तिच्यावर पण भाजी येईल!"

मशीनवरचा ड्रायव्हर हसला. मीही हसलो असेन, पण काठी सोडली नाही. संध्याकाळी मशीन गेलं तेव्हा निघालेल्या मातीचा चारी बाजूंनी बांध होता आणि मध्ये लाल खड्डा. मुनिराजूनं जाता जाता वाफ्याकडं बोट केलं. "पाणी टिकलं नाही तर मला सांग. माती तेव्हा पण घेईन, भिजलेली."

मग वाहायचं काम आलं. रणजीत सुट्टीच्या दिवशी येणार होता, बाकीचे दिवस मी आणि चंदना. पहिल्या सकाळी मी सवयीनं गुदळी उचलली आणि वाफ्यात उतरलो. चंदनानं चुंबळ करून डोक्यावर ठेवली. मी एक बुट्टी भरली. वर धरली. मग खाली ठेवली.

"तू खण," मी म्हणालो. "मी नेतो."

"मामा, मान जाईल तुमची. या वयात."

"तुझ्या आत्याची गेली ना."

तिनं आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या डोक्यावर ठेवली. चालायला लागलो आणि चार पावलांत चुंबळ सरकून कानावर आली, माती मानेतून सदऱ्यात गेली.

"घट्ट पीळ द्या. आणि खाली बघू नका, समोर बघा," ती मागून म्हणाली. "पाय आपोआप वाट शोधतात."

रस्त्यानं जाणारा एक जण थांबला. "विठोजी, बायकांचं काम धरलंस?" चंदनानं गुदळी रोवली आणि म्हणाली, "त्यांना जमत नाहीये, शिकवतेय. तुम्ही येता का शिकायला?" तो गेला.

दुपारपर्यंत टाळू भाजल्यासारखी झाली. मानेच्या मागची शीर ताठ. भात खाताना मान वाकेना, घास वर न्यावा लागला. दुसऱ्या दिवशी टाळूवर हात लावला तर केस बोटांत आले. मी बोटं बघितली आणि बुट्टी उचलली.

वाफा रोज कमी होत गेला. काळ्याची कड मागं सरकायची आणि लाल वर यायची. कोथिंबीर आधीच उपटून शेळीला घातली होती. जिथं माती संपली तिथं खडे होते, धारदार, पायाला टोचणारे. दगडांची ओळ तेवढी राहिली, आता कशालाच न अडवणारी. चंदना तिथं थांबली, माझ्याकडं बघितलं. "स्वल्प ठेवू का इथं? एक वाफाभर?"

मी खड्ड्याकडं बघितलं. एका कडेला अजून लाल दिसत होतं.

"नको. अर्धवट थर गळेल."

रणजीतच्या सुट्टीला आम्ही तुडवायला घेतलं. पाणी मारलं, तिघं अनवाणी उतरलो. ईशानला वर बांधावर बसवलं होतं, तो टाळ्या वाजवत होता. काळा चिखल बोटांमधून वर यायचा, घोटा धरून ठेवायचा, पाय काढताना आवाज करायचा. सुरुवातीला गार, मग उन्हानं कोमट. आम्ही एकामागं एक गोल फिरलो, कडेनं, मग मध्ये, मग परत कडेनं. रणजीत दमून वर गेला. चंदना साडीचा काष्टा घालून फिरत होती, मी तिच्यामागं. हळूहळू चिखल घट्ट होत गेला. शेवटी पाय उठवला तर खाली नुसता ठसा राहायचा, पाणी त्यात थांबायचं.

दोन दिवस तो थर सावकाश सुकू दिला, वर ओली पोती टाकून. मग सकाळी विहिरीची मोटर चालू केली. पाइपातून पाणी आलं, तळाला पसरलं. मी अजून आतच होतो. कुठं भेग पडलीय का ते बघत होतो.

"मामा, वर या आता."

"थांब."

पाणी घोट्यापर्यंत आलं. गार होतं. खाली माती घट्ट होती, सरकत नव्हती. पोटऱ्या भिजल्या, धोतराची कड तरंगायला लागली. मला वर जायला काही हरकत नव्हती. पाय निघत नव्हते एवढंच. पाण्यातून काळं दिसत होतं, मग पाणी गढूळ झालं आणि काळंही दिसेना.

"अप्पा!" रणजीत म्हणाला.

चंदना काठावर गुडघे टेकून बसली आणि हात खाली केला. मी तो धरला. हात चिखलाचा होता, खरखरीत, पकड घट्ट. या वेळी मी मान वर करून बघितलं. तिनं ओढून घेतलं.

दुपारपर्यंत तळं भरलं. रणजीत कामावर गेला. मी खुणेला एक काठी पाण्यात रोवली, पाणी जिथं होतं तिथं कोळशानं रेघ ओढली आणि समोर बांधावर बसलो. ऊन पाण्यावरून डोळ्यांत येत होतं. उन्हानं पाणी थोडं उडतं, मॅडमनी सांगितलं होतं. उडतंय की झिरपतंय, ते कसं कळणार? रेघ पाण्याला टेकूनच होती. पण मला वाटायचं, मघाशी यापेक्षा वर होतं. मी उठून जवळून बघायचो, परत येऊन बसायचो.

दिवस कलला. बांधाची सावली पाण्यावर आली. चंदना वाटीत भात आणि वर लोणचं घेऊन आली. वाटी माझ्या हातात दिली.

"उतरलंय?"

"नाही."

"मग घरी चला ना. काठी कुठं पळून जात नाही."

"बसतो जरा."

"विश्वास नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा काठीकडं. घराकडं वळली होती, ती थांबली. मग पदर सावरून बांधावर माझ्या शेजारी बसली.

"माझा पण नाही," ती म्हणाली.